गंगेचे डोहाळे

माय, परवा बेटावर जाऊन आले. वरच्या टोकाला, जिथं पाण्याचा पहिला तडाखा बसतो, तिथं तुझी निरगुडी आता इतकी माजली आहे की आत शिरायला वाट नाही. बरोबर नातसून होती. ती म्हणाली, "आजी, हे रान आपोआप उगवलंय का?" मला असं हसू फुटलं की काय सांगू! आपोआप! तिला सगळं सांगितलं, आणि घरी आल्यावर वाटलं, एकदा पत्रातून तुझ्यापाशीही बोलावं.

निजामाच्या राज्यातली ती शेवटची वर्षं. मी बारा वर्षांची. दर पावसाळ्यात गोदावरी, म्हणजे आपली गंगा, बेटाच्या टोकाचा लचका तोडायची. एका वर्षी वांग्यांचे वाफे गेले, पुढच्या वर्षी गोठा. आता पाण्यापासून आपल्या घरापर्यंत चाळीसेक पावलं उरली होती. उन्हाळ्यात नदी घोट्याएवढी असताना महसुलाचा गिरदावर घोड्यावरून आला, टोक पाहिलं आणि आपल्या बाला म्हणाला, "ये बेट एक बारिश का मेहमान है. जल्दी उठो." बानं परतूरच्या मामाला निरोप धाडला, दोन खोल्या बघून ठेव म्हणून. बेटावरच्या आठही घरांत उठायची बोलणी सुरू झाली. तू मात्र चुलीपुढं बसून भाकरी थापत होतीस. तव्यावरची भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "मी न्हाई उठत. टोकाला दगड टाकू."

बेटावर सगळी वाळू आणि गाळ, दगड औषधालाही नाही. दगड होते ते पलीकडं, कुंभार पिंपळगावच्या काठाला. आणि पुरुषांनी तर कानांवर हातच ठेवले. गंगेला बांध घालायचा म्हणजे पाप. तेव्हा तू ती शक्कल काढलीस. नदीची ओटी आपण श्रावणात भरायचो, पाणी आल्यावर. तू म्हणालीस, यंदा ऐन वैशाखात, आखितीच्या दुसऱ्या दिवशी भरू, आणि खणानारळासोबत प्रत्येकीनं एक टोपली दगड घालायचे. शेजारच्या आत्याबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "कोरड्या नदीची ओटी कोन भरतं गं? येडी झाली का?"

"आत्याबाई, लेकीची ओटी सातव्या म्हैन्यात भरता का बाळंत झाल्यावर? गंगा मिरगाला बाळंत व्हनार. तिला दिवस भरत आलेत."

"मंग दगड कशाला?"

"तिला मातीचे डोहाळे लागलेत. आपली शेतं खाऊन राह्यली. पोटभर दगड दिले तर माती सोडंल."

आत्याबाईंनी कमरेवरचे हात काढले. संध्याकाळपर्यंत आठही घरच्या बाया तयार झाल्या. गंगेची ओटी भरायला कोणता नवरा नाही म्हणणार?

टोपल्या विणायचं काम बाच्याकडं आलं. पंचक्रोशीत आपल्यासारखी टोपली कोणी विणत नाही, असं बा स्वतःच सांगायचा. त्यानं निरगुडीचे फोक तोडले, पानं ओरबाडली, आठ दिवस उन्हात वाळवले आणि अशा देखण्या टोपल्या विणल्या की त्यांत दगड घालायला जीव होऊ नये. तू एक उचललीस, वास घेतलास आणि त्याच्यापुढं आपटलीस. "आवं, वाळलेल्या फोकाला फुटवा येतो का? हिरव्या पायजेत. दगडासकट रुजाया पायजेत त्या!"

"हिरवी टोपली चार दिसांत ढिली पडती," बा म्हणाला. "लोक मला हसतील."

"हसू द्या. पाण्यात कोन बघाया येतंय?"

बा फुगून बसला, पण विणल्या त्यानं. कडू काढा प्यायल्यासारखं तोंड करून विणल्या. वाळलेल्या मात्र टाकून दिल्या नाहीत. त्या त्यानं हट्टानं सगळ्यांत पुढं लावायच्या ठरवल्या.

तो ओटीचा दिवस मला अजून दिसतो. ऊन तापलंय, बायांची रांग नदीतून येतेय, डोक्यावर दगड, तोंडात डोहाळ्याची गाणी. सगळ्यांत मोठा धोंडा आत्याबाईंच्या टोपलीत. एकेक टोपली टोकाच्या उतारावर टेकवायची, हळदकुंकू लावायचं, हात जोडायचे आणि पुन्हा पलीकडं. दुपारपर्यंत पुरुष नुसते बघत होते. मग एकेक जण "बायांला झेपत न्हाई" असं पुटपुटत पाण्यात उतरला. चार दिवस ओटी चालली. इतकी जड ओटी गंगेला कुणी भरली नसेल! मला तर तेव्हा तू सगळ्या नदीची सासू वाटत होतीस.

श्रावणात पाणी चढलं. आठही घरं, गुरंढोरं, आपण काठावरच्या देवळात. दोन दिवस टोक दिसलं नाही. तू जेवली नाहीस. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरलं, बा होडीनं पुढं गेला आणि तिथूनच धोतराचा सोगा हलवत ओरडायला लागला. "हाय! टोक हाय! बराबर हाय!" त्याच्या वाळलेल्या टोपल्या सगळ्या वाहून गेल्या होत्या. हिरव्यांना पानं फुटली होती आणि त्यांच्यात वीतभर गाळ धरला होता. बाया देवळापुढंच फुगड्या घालायला लागल्या, आत्याबाईसुद्धा. पुढं बा आल्यागेल्याला सांगायचा, "हिरव्या टोपलीची अक्कल माझी," आणि तू त्याच्या ताटात मुकाट्यानं पिठलं वाढायचीस, ओठ दाबून.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही, गंगेतही सोडणार नाही. तुला वाचता येत नव्हतं. बाला येत होतं, तोच तिथं वर तुला मोठ्यानं वाचून दाखवील, आणि आता लिहितेय ते त्याच्या तोंडून तुझ्या कानी जायला नको. त्या दिवशी सगळ्या फुगड्या घालत होत्या आणि मी देवळाच्या खांबाला धरून रडत होते. तू मला पोटाशी धरलंस आणि मरेपर्यंत लोकांना सांगत राहिलीस, "माझ्या पोरीचा बेटावर लई जीव, आनंदानं रडली." माय, मला परतूरला राहायचं होतं. ओटी भरताना तुझ्या शेजारी डोळे मिटून मी गंगेला म्हटलं होतं, बेट घेऊन जा. तिनं तुझं ऐकलं. फार बरं केलं.