टायपिस्टच्या नसलेल्या चुका

बाबा, तुम्ही असताना ही गोष्ट सांगितली असती तर तुम्ही ती माझ्याकडून तीन प्रतींत लिहून घेतली असती. आता एका प्रतीत भागेल, म्हणून लिहिते आहे. पाठवायचा प्रश्न नाहीच.

सरकारी क्वार्टर सोडून आपण नोएडाला आलो ते दिवस. सेक्टरला नंबर मिळाले होते, नळाला पाणी मिळायचं होतं. छत्तीस वर्षं तुम्ही सरकारी छापखान्यात रीडर, म्हणजे छापायच्या पानांतल्या चुका शोधणारे. निवृत्त झालात आणि चुका शोधायला घरात फक्त आई उरली. ती डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची आणि तुम्ही लाल पेन्सिल घेऊन स्वयंपाकघरात उभे. तिसऱ्या आठवड्यात ती मला म्हणाली, "ह्यांना कुठेतरी घेऊन जा गं, नाहीतर मी माहेरी जाते. आणि माहेरी आता कोणी राहिलेलं नाही, हे तुलाही माहीत आहे."

मग मी तुम्हाला माझ्या ऑफिसात आणलं. अमेरिकेतल्या वकिलांची जाडजूड पुस्तकं आमच्याकडे कॉम्प्युटरवर टाइप व्हायची, कारण तिथे टायपिस्ट महाग होते आणि आपल्याकडे बी.ए. झालेल्या मुली स्वस्त. याला उदारीकरण म्हणत. तळमजल्यावर मुली टाइप करत, पहिल्या मजल्यावर तुम्ही सहा निवृत्त रीडर पानं मूळ पुस्तकाशी ताडून पाहत, आणि दुसऱ्या मजल्यावर एसीत आम्ही प्रोग्रामर. घरी मी "ए बाई" आणि जिना चढला की "मॅडम". पहिल्या दिवशी मी हसले, तर तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "हसण्यासारखं काही नाही. पद आहे ते."

आमचं हत्यार होतं एक एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा आणि सुधारायचा प्रोग्राम. दिसायला दरिद्री, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. पण त्याच्या पोटात एक छोटी प्रोग्रामिंगची भाषा बसवलेली होती. तिच्यात चार ओळी लिहिल्या की एडिटर नवं काम शिकायचा, आणि पुढे प्रत्येक फाइल सेव्ह होताना ते काम आपोआप करायचा. मी तुम्हाला हे समजावून सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलंत, "म्हणजे याला सवयी लावता येतात?" इतकी नेमकी व्याख्या मला अजून कुठल्याही मॅन्युअलात सापडलेली नाही.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर तुम्ही सांगताय, मी लिहितेय. माणूस कुठेही चुकत नाही, ठरलेल्या जागी चुकतो, हा तुमचा सिद्धांत. ओळीचा शेवटचा शब्द पुढच्या ओळीच्या तोंडाशी पुन्हा येतो. एकच्या आकड्याजागी इंग्रजी एल बसतो. कलम चौदानंतर एकदम सोळा येतं. वर तळटीपेचा आकडा असतो आणि खाली टीपच नसते. एकेका नियमाचं एकेक फंक्शन होत होतं. त्या भाषेत कंसच कंस. माझ्या कोडचा छापील कागद तुम्ही चष्मा कपाळावर चढवून वाचायचात, आणि म्हणायचात, "तुमची भाषा मला कळत नाही, मॅडम, पण हा सातवा कंस उघडा राहिलाय." खरंच राहिलेला असायचा. आई आतून ओरडायची, "पोहे गार होतायत, कंस नंतर मिटा!" तुम्हाला इतकं खूश मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं. तुमची छत्तीस वर्षं एका फाइलीत मावत होती आणि ती मावतायत याचाच तुम्हाला आनंद होता. तिचं पुढे काय होणार, हा विचार तुमच्या डोक्यात आला नाही. माझ्या यायला हवा होता.

तो आला साहेबांच्या डोक्यात. माझा प्रोग्राम पाहून ते म्हणाले, "कमाल है मॅडम जी! फिर इतने बुजुर्ग काहे को बिठा रखे हैं?" मी घाईघाईने म्हटलं, "सर, दोन महीने ट्रायल कर लेते हैं." ठरलं ते असं: प्रोग्रामने पास केलेली पानं रीडरांकडे जाणार, ज्यांना त्यांत चुका सापडतील ते राहणार. त्या दोन महिन्यांत रीडरने टायपिस्टशी बोलायचं नाही, अशीही साहेबांनी अट घातली, तुम्ही लोक आपसांत काही जमवाल म्हणून. जमवणारी वरच्या मजल्यावर बसली होती.

मी अकरा ओळींचं एक फंक्शन लिहिलं. गठ्ठा तुमच्या टेबलाचा असेल तरच चालणारं. तपासणी पुरी झाली की ते काही पानांत चुका घालायचं. कुठे कलमाचा आकडा बदलायचा, कुठे वाक्यातला 'नॉट' गाळायचा. काय घातलं याची यादी माझ्याकडे बनायची. तुमच्या नजरेतून एखादी सुटलीच तर ती मागून काढून टाकायची, असा बेत. तुमच्या नजरेतून एकही सुटली नाही. दोन महिन्यांनी बाकीच्या पाच जणांना निरोप मिळाला, तुमच्याबरोबर लोणचं वाटून खाणारे शेजारच्या टेबलावरचे सरदारजीसुद्धा त्यांत. साहेब म्हणाले, "एक सीनियर आदमी रख लेते हैं, इनकी नज़र गज़ब है." तुम्ही त्या संध्याकाळी करोल बागेपर्यंत जाऊन आईसाठी शाल आणलीत आणि जेवताना दोनदा म्हणालात, "मशीन मशीन करतात, पण डोळा तो डोळा." मी वरण वाढून घेतलं.

पुढच्या आठवड्यात तुम्ही तीन पानं घेऊन माझ्या टेबलाशी आलात.

"मॅडम, वेळ आहे?"

"बसा ना, बाबा."

"उभाच बरा." तुम्ही पानं माझ्यासमोर ठेवलीत. "चूक सापडली की ती करणाऱ्याला दाखवायची, ही आमची रीत. ट्रायल संपली, म्हणून खाली गेलो. ती गाझियाबादची मुलगी म्हणाली, अंकल जी, मैंने तो ठीक ही टाइप किया था, आप खुद देख लो. पाहिलं. तिच्या फाइलीत 'नॉट' आहे. माझ्या पानावर नाही. मधे फक्त तुझं यंत्र आहे."

ऑफिसात तुम्ही मला पहिल्यांदा 'तुझं' म्हणालात.

"बग असेल," मी म्हटलं. "बघते."

"बघ. सरदारजींच्या गठ्ठ्यांत होता का हा बग?"

मी पडद्यावरची फाइल बंद केली. तुम्ही पानं गोळा करून कडा जुळवल्यात, आणि खाली गेलात. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर तुमचा अर्ज होता. दृष्टी अधू झाल्याने सेवेतून मुक्त करावे, ही विनंती. आईने हट्टाने तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तो म्हणाला, "अंकल, इस उम्र में ऐसी आँखें मैंने नहीं देखीं." आई माझ्याकडे पाहत होती, तुम्ही भिंतीवरच्या अक्षरांकडे. त्यानंतर तुम्ही नऊ वर्षं जगलात. त्या विषयावर आपण एक शब्दही बोललो नाही, आणि तुम्ही मला घरीही कधीकधी मॅडम म्हणू लागलात.

लोकांच्या चुकांवर खुसखुशीत लिहिणारी बाई म्हणून आता मला थोडंफार ओळखतात. ही चूक मी कधी लिहिली नाही. एवढीच एक आहे म्हणावं, तर तसं नाही.

तुम्ही नोकरी सोडलीत त्या गडबडीत ते फंक्शन बंद करायचं राहिलं. तुमच्या टेबलाच्या नंबराखाली दोन दिवस फाइली येत राहिल्या आणि ते इमानेइतबारे आपलं काम करत राहिलं. माझ्या लक्षात आलं तेव्हा माल अमेरिकेला रवाना झाला होता. यादीत चौदा चुका होत्या, तीन ठिकाणी 'नॉट' गेलेला. कुणीच पकडल्या नाहीत, पकडायला कुणी उरलं नव्हतं. मी साहेबांना सांगितलं नाही. चुका निसटल्या एवढंच सांगितलं असतं, तरी यंत्रावर भरवसा नको म्हणून त्यांनी सहाही टेबलं पुन्हा मांडली असती आणि पहिलं बोलावणं तुम्हाला पाठवलं असतं. तुम्ही डबा घेऊन हजर झाला असता, आणि रोज सकाळी तुमच्याबरोबर तो जिना चढायची माझी तयारी नव्हती.