मागच्या काचेतली पट्टी

हर्मन, मिझुरी
१४ सप्टेंबर १९८६

ती. आजोबांना,
सा. न. आणि तुमच्या मुक्या नातीचा एक पापा.

तुम्ही म्हणाल, हिने फोन का नाही केला. फोनवर माझं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. माझा पहिला शब्द निघेपर्यंत लोइस आत्याला वाटतं लाइन कटली. कागदावर मी अडत नाही, म्हणून हे पत्र.

आत्याने आईला तुमच्या डोळ्यांचं कळवलं. मधलं पुसट होत चाललंय, आणि उन्हाळ्यापर्यंत मधलं सगळंच जाईल असं डॉक्टर म्हणाले. आई रडली. मी शेडमध्ये गेले आणि तुमच्या गाडीवरची ताडपत्री काढली.

मी शाळा सोडली तेव्हा न रागावणारे तुम्ही एकटेच होतात. आता मी स्टकीसाहेबांच्या शेडमध्ये फायबरच्या बोटी दुरुस्त करते. ते म्हणतात, पोरगी बोलत नाही हे बरंच आहे, राळ वाळेपर्यंत बोलण्यासारखं असतं तरी काय. आता बोटी कमी झाल्यात, तर तुझ्या आजोबाची कॉर्व्हेट आण म्हणाले, तिचीही बॉडी फायबरचीच. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला तुम्ही येणार आहात. त्याच्या आत ती गाडी पहिली होती तशी करायची आणि तुमच्या डोळ्यांना दाखवायची. दुसरं काही सध्या डोक्यात नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी समोरच्या गुरांच्या खाद्याच्या दुकानापाशी जाते. तिथे धाकट्या आजोबांची गाडी उभी असते. तुमची त्रेसष्टची, त्यांची चौसष्टची. तुम्ही काम करायचात त्या एकाच कारखान्यातल्या, एका वर्षाच्या अंतराच्या, तुम्हा दोघा भावांसारख्याच. तुमच्या बॉनेटवर दोन जाळ्या आहेत, वारा न जाणाऱ्या, नुसत्या दिखाव्याच्या. त्यांच्या बॉनेटवर जाळ्या नाहीत, पण जाळ्यांपुरते दोन उथळ खड्डे राहून गेलेत. चष्मा काढल्यावर नाकावर वण राहतो ना, तसे. मी हात लावायला गेले, तेवढ्यात ते दुकानातून बाहेर आले आणि मी पळाले. तुमच्या काट्यांच्या तबकड्या मधे चंदेरी आहेत, त्यांच्या काळ्या. ऊन पडलं की तुमच्या चमकतात आणि वेग वाचताच येत नाही. पोलिसाला तुम्ही हेच कारण सांगायचात, असं बाबा म्हणतात.

पण मागून बघितलं तर दोन्ही गाड्या सारख्याच. त्रेसष्टला मागे दोन काचा आणि मधे छताची उतरती पट्टी असते, हे मी स्टकीसाहेबांच्या मासिकात बघितलं. तुमच्या गाडीची पट्टी कापून तिथे चौसष्टची सलग काच बसवलीय. सगळे म्हणतात, धाकट्या आजोबांनी कापली. ती कुठे गेली, आजोबा?

न बोलणाऱ्या माणसावर करतात तेवढी माया करत राहा.

तुमची ट्रुडी


टूसॉन, ॲरिझोना
२३ सप्टेंबर

चि. ट्रुडीस अ. आ. आणि एक टपली.

अक्षर बघून हसू नको. लोइसने जाड मार्कर दिलाय, पानावर पाच ओळी मावतात. मला कडेकडेचं दिसतं. माणूस समोर आला की दोन कान दिसतात आणि नाक गायब. तुझ्या आत्याचं नाक दिसत नाही, यात फार तोटा झाला असं नाही. हे तिला वाचून दाखवू नको, तीच पाकिटं चिकटवते.

गाडीला पॉलिश मार, इंजिन धू, काय हवं ते कर. मागच्या काचेला हात लावू नको. पट्टी ऑल्विनने कापली, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. फेकून दिली असेल. त्याला विचारायला जायचं नाही. अकरा वर्षं आम्ही बोललो नाही, माझं काही अडलेलं नाही.

आणि त्याच्या गाडीचं कौतुक मला लिहू नको. चौसष्टची मऊ चालते, आतून शांत असते, हे मला ठाऊक आहे. गादीही मऊ असते, म्हणून काय तिच्यावर बसून सेंट लुइसला जायचं?

हात जप. घासायचा पेपर मारताना तोंडाला फडकं बांधत जा.

रागावलेला असलो तरी तुझाच,
आजोबा


हर्मन
५ ऑक्टोबर

ती. आजोबांना,
सा. न. आधी माफी, मग बातमी.

मी गेले. बोलायचं नव्हतंच, चिठ्ठी लिहून नेली होती: पट्टी कुठे आहे. धाकट्या आजोबांनी चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात घातली आणि मागच्या गोठ्याकडे चालू लागले. मला ये म्हणाले नाहीत, पण दार उघडं ठेवलं.

आजोबा, ती भिंतीवर आहे. दोन खिळ्यांवर, वर कापड टाकून. वर रुंद, खाली निमुळती होत गेलेली. बावीस वर्षं ऊन न लागल्यामुळे तिचा निळा रंग अजून ओला असल्यासारखा आहे. आपल्या गाडीचा निळा मी रोज बघते, तो कधीच विटलाय. गाडी पहिल्या दिवशी कशी दिसत असेल ते मला त्या एवढ्याशा तुकड्यात दिसलं. कितीतरी वेळ मी हात मागे बांधून उभी होते.

मग मी तोंडाने विचारलं, द्याल का. द वर अडले. तुम्हाला माहीत आहे, लोक माझा शब्द स्वतःच पुरा करून टाकतात, शाळेत तर अख्खा वर्ग करायचा. ते थांबून राहिले. माझा मला पुरा करू दिला.

ते म्हणाले, देतो. पण तुझ्या आजोबाला म्हणावं, कापायला कोणी सांगितलं ते स्वतःच्या हाताने लिही. बाकी काही नको.

यावर मी काय समजायचं? मी कोणाला काही बोललेले नाही. मी कुठे बोलते म्हणा. पण थंडी पडली की राळ नीट धरत नाही, आणि तुमच्या डोळ्यांनाही थांबता येत नाही. तुम्ही लिहिलं नाहीत तर सलग काच घासून-पुसून ठेवीन, आणि तुम्हाला दिसेल ती तुमची गाडी नसेल.

रागावून का होईना, उत्तर द्या.

ट्रुडी


टूसॉन
१८ ऑक्टोबर

ऑल्विन,

मायना काय घालावा कळत नाही, म्हणून नुसतं नाव.

कापायला मी सांगितलं.

चौसष्टचा जुलै होता. तू नवी गाडी आणलीस, सलग काचेची. कारखान्याच्या मैदानात दर शनिवारी कोणी ना कोणी त्रेसष्टची पट्टी काढत होता. माझी मागच्या वर्षीची म्हणून पोरं हसायची. मी मागे घेताना पाद्रीबाबांची पत्रपेटी आडवी केली आणि सगळा दोष पट्टीवर टाकला. तू दोनदा नाही म्हणालास. म्हणालास, दादा, हे छत घासणाऱ्यांत तू स्वतः होतास, आणि पुढच्या वर्षी असं कोणी बनवणार नाही. मी ऐकलं नाही. आतल्या बाजूने पेन्सिलने रेघ मारली, पण करवत रेघेला लावली आणि मला ती ओढवेना. म्हणून ती तुझ्या हातात दिली. दहा मिनिटांचं काम होतं. तुझ्या पापण्यांवर पांढरी भुकटी बसली होती.

पुढे लोक तीच पट्टी शोधत फिरायला लागले. पंच्याहत्तर साली चर्चच्या सॉसेजच्या जेवणाला तो परका माणूस आला, गाडीभोवती फिरला आणि विचारलं, हिला कुठल्या खाटकाने कापलं. वीस माणसं ऐकत होती. मी म्हणालो, माझ्या भावाने. तू माझ्या मागेच थाळी घेऊन उभा होतास. थाळी ठेवलीस आणि गेलास. तेव्हा माझे डोळे चांगले होते, मला नीट दिसलं.

त्यानंतर इतक्यांना तेच सांगितलं की माझं मलाच खरं वाटायला लागलं. पोरालाही तेच सांगितलं, त्याने ट्रुडीला.

आणखी एक. दोन्ही जुन्या काचा फोडून टाकल्या असं मी म्हणायचो. त्या माझ्या हर्मनच्या घराच्या माळ्यावर आहेत, आईच्या गोधडीत गुंडाळलेल्या. का ठेवल्या ते तुला सांगायला नको.

हे पत्र कोणालाही दाखव. चर्चच्या दारावर लाव.

एमिल


हर्मन
२६ ऑक्टोबर

चि. ट्रुडीस,
आ.

पट्टी स्टकीच्या शेडमध्ये ठेवली आहे, घोंगडीत. काचा तुमच्या माळ्यावर आहेत, बाबाला उतरवायला सांग, तू एकटी चढू नको. राळेला ऊब द्यायला माझी शेगडी लागली तर ने.

पत्र दारावर लावलं नाही. एमिलचं अक्षर एवढं मोठं झालंय की चर्चला दार कमी पडेल.

बॉनेटच्या खड्ड्यांना हात लावायचा असेल तर लाव. पळतेस कशाला.

ऑल्विन आजोबा


हर्मन
१६ नोव्हेंबर

ती. आजोबांना,
सा. न., हात राळेचे आहेत म्हणून लांबूनच.

तुम्ही लिहिलंत ते मला धाकट्या आजोबांनी वाचायला दिलं. मी त्यावर काही लिहीत नाही. मी एक वर्ष आईला सांगत होते की शाळेत पोट दुखतं, आणि ते खोटं होतं, एवढंच सांगते.

आता काम. आपल्या गाडीला डिकीचं दार नाही, त्यामुळे सीटांमागून आत सरपटत जावं लागतं आणि गुडघे हनुवटीला लावून बसायचं. सलग काच काढून पट्टीच्या आणि छताच्या कापलेल्या कडा मी लांबवर उतरत्या घासल्या, आठ दिवस तेच केलं. कापताना करवतीने जेवढं खाल्लं तेवढी फट राहिली होती, पट्टी अर्ध्या बोटाने इकडेतिकडे हलायची. चुकीच्या जागी चिकटली असती तर काचाच बसल्या नसत्या. मी दिवा आत नेला आणि मला तुमची पेन्सिलची रेघ दिसली, आजोबा. करवत रेघेवर नीट चाललीच नव्हती. रेघ काही ठिकाणी पट्टीवर राहिलीय, काही ठिकाणी छतावर. तुमची वाकडी रेघ जुळवली आणि पट्टी आपोआप जागेवर आली.

बाहेरून ती धाकट्या आजोबांनी धरली. मी आतून काचेच्या धाग्यांचं कापड राळेत भिजवून थरावर थर दिले. चाळीस मिनिटं त्यांनी हात हलवला नाही. आम्ही दोघं इतके छान न बोलता बसलो होतो की स्टकीसाहेब दारात आले, बघितलं आणि टोपी काढून परत गेले.

काल रंग झाला. पट्टीचाच जुना निळा जुळवून अख्खी गाडी रंगवली. आज सकाळी दार उघडून ऊन आत घेतलं आणि मी मागे उभी राहिले. आता कसं लिहू. ती फक्त पट्टी नाहीये. छतावर मधोमध एक बारीक कणा आहे, तो पट्टीवरून उतरतो आणि शेपटापर्यंत जातो, कुठेही न थांबता. मासा पाण्यातून वर येऊन परत आत जातो तसा. हे कोणी तरी मनात आधी बघितलं असेल, मग तुम्ही लोकांनी ते हाताने घासलं असेल.

शेजारी धाकट्या आजोबांची चौसष्टची उभी होती. तिचाही कणा आहे, पण तो काचेपाशी थांबतो, आणि काच संपली की पलीकडे परत सुरू होतो. आधी वाटायचं तिचं काही तरी कमी आहे. आज तसं वाटलं नाही. मीही तशीच बोलते.

जोडावर बोट फिरवून मला काही लागत नाही. पण माझी बोटं माझ्या बाजूची आहेत. तुम्ही येऊन सांगा.

लवकर या. आत्यालाही आणा, नाकासकट.

तुमची ट्रुडी


टूसॉन
८ डिसेंबर

चि. ट्रुडीस अ. आ., यावेळी टपली नाही.

प्रवास बरा झाला. तुझ्या आईने दिलेला ॲपल पाय लोइसने विमानातच संपवला.

गाडीत दोघांचीच जागा, म्हणून तुला फाटकापाशी ठेवून आम्ही गेलो. कुठे गेलात, काय बोललात, हे तू विचारलं नाहीस, पण कपडे भरत असताना चारदा खोलीत येऊन गेलीस. म्हणून सांगतो.

आधी जोडाचं. निघण्याआधी मी पट्टीवर वरपासून खालपर्यंत हात फिरवला, डावा, मग उजवा. या हातांनी एकोणीस वर्षं असली छतं घासलीत. केसाएवढा चढ असला तरी कळतो. मला जोड सापडला नाही. ऑल्विनला म्हणालो, तू दाखव. त्यानेही दोनदा हात फिरवला, आणि मग म्हणाला, पोरीने आपलं काही शिल्लक ठेवलं नाही.

गाडी त्याने चालवली. फाटकाबाहेर पडेपर्यंत त्याने सुरू केलंच, की या गाडीतून मागचं काही दिसत नाही, ट्रॅक्टर येतोय की चर्च येतंय कळत नाही. मी म्हणालो, पत्रपेटी सांभाळ. मग तो हसला, अकरा वर्षांनी, आणि गाडी कडेला घेऊन थांबवावी लागली. माफी मी तिथे मागितली. पत्रात मागायची राहिली होती. तो म्हणाला, दादा, मान वळव आणि काय दिसतं ते सांग.

मी वळून बघितलं. ट्रुडी, गेल्या वर्षभरात मी जे बघतो, त्याच्या मधोमध एक धुरकट जागा असते. घड्याळ बघितलं तर काटे जातात, माणूस बघितला तर चेहरा जातो. मी मागच्या काचेतून बघितलं. डाव्या काचेत नदी होती, तिच्यावर ऊन. उजव्या काचेत रस्ता, फाटक, आणि फाटकावर हात ठेवून तू उभी. निळा कोट, डोक्याला फडकं. मधे काही नव्हतं, आणि असायला नकोच होतं. तिथे पट्टी आहे.

ऑल्विनला मी एकेक सांगितलं. त्यानेही वळून बघितलं आणि म्हणाला, हो, एवढंच दिसतं. मलाही एवढंच दिसतं.

ऑल्विनच्या चौसष्टच्या बॉनेटला पॉलिश मारताना त्या खड्ड्यांत पॉलिश साठू देऊ नको. बोटाने काढ, फडक्याने निघत नाही.

तुझं काम अजून हाताला आठवणारा,
तुझा आजोबा