शेजारच्या घोड्यांबद्दल

दि. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी ठीक आहे. तुझा खोकला गेला का? वहिनीला सांग, काढे पाजून तू सुधारणार नाहीस, सिगारेटी लपवल्या तरच सुधारशील.

आता गाऱ्हाणं. शेजारचे घोडे पुन्हा आत शिरले. सकाळी दार उघडलं तर पांढरा घोडा हौदात तोंड खुपसून उभा, आणि नाकातला शेंबूड पाण्यावर तरंगतोय. वाफ्यांत लीद, लिदीवर माश्या. गुलाबाच्या खुंटांवर परवाच कलमाचे डोळे भरले होते, त्यांचा पार चुराडा झालाय. हाकलायला गेले तर एकाने शेपूट वर करून माझ्यादेखत आणखी घाण केली. मालकासारखाच निर्लज्ज.

मालक म्हणजे तोच, लोकांना घोड्यावर बसायला शिकवतो तो. म्हणाला, मुकं जनावर, त्याला हद्द काय कळणार. मी म्हटलं, त्याला नसेल कळत, तुम्हाला तर कळते ना? यावर नुसता हसला. त्याच्या त्या ओल्या हसण्याची मला किळस येते.

या वर्षी रोपवाटिका आपल्या पायावर उभी राहिली नाही, तर जमीन विकायची आणि मी तुमच्याकडे राहायला यायचं, असं आपलं ठरलंय. शहरातल्या मोठ्या बागेने माझ्याकडे गुलाबाची कलमं मागितली आहेत. ती वेळेवर गेली तर मला इथून हलावं लागणार नाही. म्हणून जीव टांगणीला लागलाय. तू एकदा येऊन त्याला चार शब्द सुनाव. माझ्या बडबडीला तो भीक घालत नाही, तुझ्या मिशांना वचकेल.

मुलांना गोड पापा. माझ्यावर माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
ठकी

दि. १३ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून वहिनी पोट धरून हसली. अगं, लीद म्हणजे फुकटचं खत! लोक त्यासाठी वणवण करतात आणि तुझ्या दारात आपणहून येतंय, तर तू नाक मुरडतेस. लहानपणापासून तुझं नाक भारी तिखट.

शेजाऱ्याशी वितुष्ट घेऊ नकोस. माणूस तसा वाईट नाही. आणि खरं सांगू का, एकट्या बाईने या वयात किती दिवस चिखलात गुडघे टेकायचे? इथली मागची खोली तुझ्यासाठी रंगवून घेतली आहे. फिकट निळा रंग, तुझ्या आवडीचा. मनाला फार लावून घेऊ नकोस.

तब्येतीला जप, आणि आमची आठवण काढत जा.

तुझा,
दादा

दि. २० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

खताचं मला शिकवू नकोस. ताज्या लिदीने कोवळी मुळं जळतात. ती महिनोन्‌महिने कुजवावी लागते, तेव्हा कुठे खत होतं. आणि खोली एवढ्या घाईने कशाला रंगवलीस? वर्ष अजून संपलेलं नाही.

काल अर्धे वाफे गेले. घोड्यांनी कलमं मुळासकट उपटून चघळली आणि हिरवा चोथा जागोजागी थुंकून टाकला. तो हातांनी गोळा करताना मला उलटी झाली. पण खरी गोष्ट पुढेच आहे. मधल्या फाटकाची कडी काढलेली होती. रात्री मी स्वतः लावली होती. घोड्याला कडी काढता येत नाही, दादा.

आता माझी सहनशक्ती संपली. उद्या सगळी लीद बादलीत भरते आणि त्याच्या ओट्यावर नेऊन ओतते. मग हसतो का बघू. माझी काळजी करू नकोस, मी खमकी आहे.

पाठीवरचा तुझा हात असू दे.

तुझी,
ठकी

दि. २४ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

घाईत लिहितोय. तू त्याच्याकडे मुळीच जाऊ नकोस. बादलीबिदली तर नकोच, चारचौघांत शोभा होईल. मी पुढच्या महिन्यात सगळ्यांना घेऊन येतोय, तेव्हा मीच त्याच्याशी बोलेन. तोवर तोंडाला कुलूप घाल. मोठ्या भावाचं एवढं ऐक.

दादा

दि. १ मार्च

दादा,

तुमचं पत्र आलं त्याआधीच मी जाऊन आले होते.

बादली ओतली. त्याचे पाय घोट्यापर्यंत भरले, तेव्हा त्याचं हसणं थांबलं. मग संतापून सगळं ओकला. जमीन विकत मागायला तो तुमच्याकडे शहरात आला होता. तुम्ही त्याला म्हणालात, बहीण हट्टी आहे, सांगून ऐकायची नाही, पण रोपं गेली की आपोआप कंटाळेल. तोवर फाटक उघडं राहिलं तर मी काही बोलणार नाही.

मी म्हटलं, खोटं बोलता, माझा दादा असं म्हणणार नाही. तो म्हणाला, मग इतक्या दिवसांत त्यांनी मला एका शब्दाने तरी टोकलं का? मी रिकामी बादली घेऊन घरी आले आणि मोरीत बसून रडले. इतके दिवस घोड्यांची शिसारी येत होती. आता तुमची येते.

जगली-वाचलेली कलमं मी घरात आणली आहेत. सुट्टीत तुम्ही उतरता ती खोली त्यांना दिली, खाट बाहेर काढली. बागेच्या अधिकाऱ्यांना खरं ते सांगितलं. आहेत तेवढी आता घेतो आणि राहिलेली पुढच्या हंगामात द्या, असं ते म्हणाले. जमिनीवर तुमच्याइतकंच माझंही नाव आहे. मी सही करणार नाही, या वर्षीही नाही आणि पुढेही नाही.

या महिन्यात येताय, तर जरूर या. वहिनीची आणि मुलांची सोय मी स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत केली आहे. तुम्ही मात्र शेजाऱ्याकडे उतरावं.

कळावे.