तिसऱ्या रविवारचं नाव

तीर्थरूप वहिनींना धाकट्या दिराचा वाकून नमस्कार.

(आधी सवयीने 'सौ.' लिहून बसलो. खोडलं, तर खोडलेलं जास्तच दिसायला लागलं, म्हणून कागदच बदलला.) तुमचे गुडघे कसे आहेत? लेकीकडे करमतं ना? इथे मी सोडून सगळे मजेत आहेत, आणि घरात तर मी एकटाच आहे.

पत्रास कारण, आपल्या मंडळाच्या मैफली. पाच रविवार, पाच कलाकार. माझी पद्धत तुम्हाला माहीत आहे, नवीन काही लिहायचं म्हटलं की मला ताप भरतो. म्हणून दरवर्षी गेल्या वर्षीचा कागद काढतो, तारखा बदलतो, नावं बदलतो आणि छापखान्यात नेऊन देतो. तिसरा रविवार मात्र बावीस वर्षं दादाचाच. ती ओळ कधी बदलावीच लागली नाही, म्हणून यंदाही न वाचताच पुढे गेलो. दादाला जाऊन आठ महिने झाले, वहिनी, आणि शहरभर दोनशे पोस्टरं लागली की तिसऱ्या रविवारी संध्याकाळी सहाला दादा गाणार आहे! वर्तमानपत्रातही आलं.

मग जे झालं ते विचारू नका. तबलजींचा फोन आला. ओरडतील म्हणून मी फोन कानापासून लांब धरला, तर पलीकडून बारीक आवाजात म्हणाले, "किती वाजता येऊ?" दादाचे शाळासोबती ते म्हातारे वकीलसाहेब, ते तर पुढच्या रांगेतली दोन तिकिटं घेऊन गेले. म्हटलं, अहो, शोकसभेत तुम्हीच भाषण केलं होतंत! तर म्हणाले, "केलं होतं हो, पण आता छापून आलंय ना!" आणि चष्मा पुसत निघून गेले.

अध्यक्षांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. 'कार्यक्रम रद्द' अशा पट्ट्या छापून हातात दिल्या आणि म्हणाले, तुम्हीच निस्तरा. या वयात खळीचा डबा घेऊन मी भिंती हुडकत फिरतोय! (खळ शर्टाला, चष्म्याला, छत्रीला लागली; पोस्टरालाच तेवढी लागत नव्हती.) इस्पितळाच्या भिंतीपाशी पहिली पट्टी काढली. दादाच्या नावावर 'रद्द'. हातच वर जाईना. डोळे भरून आले, समोरचं दिसेना, तशीच कुठेतरी दाबली आणि मोकळा झालो. ती बसली चौथ्या रविवारच्या व्हायोलिनवाल्या बाईंवर. आणि बाई नेमक्या त्याच इस्पितळातून दात काढून बाहेर पडत होत्या. अर्धं तोंड बधिर असूनही त्या मला बरंच काही बोलल्या. उरलेल्या पट्ट्या घरी आणून कपाटात टाकल्या. मला दादाची फार आठवण येते, वहिनी. हे इथे कुणाला सांगू?

असो, पत्र फार लांबलं. गुडघ्यांना जपा. लेकीला आणि जावईबापूंना आशीर्वाद.

तुमचा,
भाऊजी

ता. क. : वर 'न वाचताच' लिहिलंय ते खोटं आहे. ती ओळ मी वाचली होती. तीनदा पेन्सिल टेकवली. नाही खोडवलं.

ता. क. २ : बावीस वर्षं तुम्ही त्याच्या मागे बसून तानपुरा धरलात, आणि त्याचा आवाज दमला की कुणाला कळू न देता सूर भरलात. शेवटच्या आजारात तो मला म्हणाला होता, "हिला एकदा तरी पुढे बसवायला हवं होतं रे." तेव्हा तुम्हाला सांगितलं नाही, कारण सांगताना रडलो असतो. पत्रात रडलेलं चालतं. तो गेल्यापासून तुम्ही तोंडातून सूर काढला नाहीत, असं लेक सांगते. तिसऱ्या रविवारी तुम्ही गा.

ता. क. ३ : सावकाश विचार करून कळवा, असं लिहिणार होतो. पण नव्या पट्ट्या कालच लावून झाल्या, आणि या वेळी एकही चुकली नाही. त्यांवर तुमचं नाव आहे. खालचं दादाचं नाव खरवडलेलं नाही, ते तसंच आत आहे.