झुल्यावरची डावी बाजू

प्रति,
माननीय देखरेख अधिकारी,
उंच इमारत सफाई विभाग,
तळमजला, मागचं दार.

विषय: बाळंतपणानंतर अंगावर राहिलेल्या वजनापायी झुल्यावरून उतरवल्याबाबत, आणि धाकट्या जावेचंही वजन पुन्हा करण्याबाबत.

संदर्भ: मुकादमांनी हौदापाशी सगळ्यांदेखत दिलेला तोंडी हुकूम.

महोदय,

हे शेवटपर्यंत वाचावं, मुकादमांनी अर्धंच ऐकलं.

१. अर्जदार आणि तिची धाकटी जाऊ एका घरात आल्यापासून दोरांना टांगलेल्या एकाच झुल्यावर उभ्या राहून बाहेरून काचा पुसतात. डावी बाजू अर्जदाराची, उजवी जावेची. दोघी एकाच महिन्यात बाळंत झाल्या. अर्जदाराचं तिसरं, जावेचं पहिलं. कामावर परत आल्यावर मुकादमांनी दोघींना मालाच्या काट्यावर उभं केलं, जावेला वर पाठवलं आणि अर्जदाराला खाली बादल्या भरायला लावलं. आता डाव्या बाजूला एक नवी बाई असते. ती वर हसते ते खाली ऐकू येतं. जाऊही हसते.

२. जावेच्या कमरेचा पट्टा बाळंतपणाआधीच्याही आतल्या भोकात बसतो. अर्जदाराच्या पॅन्टचा हुक पहिल्याच दिवशी उडाला. तो मुकादमांच्या चहात पडला असं लोक सांगतात, ते खोटं आहे. कपाच्या शेजारी पडला. घरी सासूबाईही म्हणतात, धाकटीकडे बघ, बाळंत झालीय असं वाटतं तरी का.

३. दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारलं, एकाच चुलीवरचं जेवण, मग एकीच्याच अंगाला का चिकटलं. त्या म्हणाल्या, आधीचं वजन किती, पोटुशी असताना वाढलं किती, कितवं मूल, झोप, खाणं, चालणं, जिवाला घोर, सगळ्याचा हात असतो. आणि उतरायला वेळ लागला तरी घाबरू नका. महोदय, यातलं निम्मं जावेनेच केलेलं आहे. तिचं पोर रात्री रडतं ते अर्जदाराकडेच गप्प होतं, म्हणून झोप अर्जदाराची मोडते. ती ताटात अर्धं टाकते, ते फेकवत नाही म्हणून अर्जदार खाते. म्हणजे तिच्या वाटचं वजनही अर्जदाराच्याच अंगावर आहे. ते तिच्या नावावर धरावं.

४. एवढं सिद्ध करायला अर्जदाराने परवा तिला हाताला धरून काट्यावर नेलं. काटा ती कामाला लागली होती तेव्हापेक्षाही खाली थांबला. अर्जदाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग बघितलं तर ती रडत होती. म्हणाली, "जाऊबाई, मला दूध नीट येत नाही. घास उतरत नाही. माझं पोर तुमच्या अंगावर पितं ते मला बघवत नाही. द्या तुमचं वजन, मला चालेल." म्हणजे इतके दिवस अर्जदार तिच्या कमरेकडे बघून जळत होती, आणि ती अर्जदाराच्या मांडीवरच्या पोराकडे बघून.

५. झुल्याच्या पाटीवर वजनाची हद्द लिहिलेली आहे ती दोन माणसं आणि सामान मिळून, एकेकीची वेगळी नाही. म्हणून दोघी भरल्या बादल्या घेऊन काट्यावर एकत्र उभ्या राहिल्या. हद्दीच्या आत बसल्या. गोदामातले तोलणारे काका साक्षीला होते, हसत होते, पण साक्ष देतील.

तरी विनंती अशी की दोघींचं वजन एकत्रच धरावं आणि अर्जदाराला झुल्यावर डाव्या बाजूला परत उभं करावं. नवी बाई कामाला चांगली आहे, तिला दुसऱ्या झुल्यावर हसू द्यावं. आणि जावेच्या ताटातलं अर्जदार यापुढे खाणार नाही. समोर बसून तिलाच खायला लावेल. त्याने तिचं वजन वाढेल. तेवढी जागा काट्यावर शिल्लक आहे, बघून घेतली आहे.

हौदापाशी मान वर करून उभी असलेली,
आपली,
थोरली जाऊ

दिनांक: पगाराच्या आदला दिवस

सोबत: नर्सबाईंची चिठ्ठी. पॅन्टचा हुक (परत द्यावा, लागणार आहे).