आवाज रूपाचा, तोंड दुसरीचं

किन्हीराजा,
रविवार, दुपार

प्रिय सतीशराव यांस माणिकरावाचा सप्रेम जयभीम.

आपली शुगर आटोक्यात असेल, वहिनींचे गुडघे जिना चढू देत असतील आणि नागपूरचं ऊन आपल्याला सोसत असेल, अशी आशा करतो. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं काय ते पुढं कळेल. मोबाईल असताना पत्र कशाला, असं आपण म्हणाल. एक तर माझा जन्म लोकांची पत्रं वाटण्यात गेला, स्वतःचं एखादं टाकायचं राहून गेलं होतं. दुसरं म्हणजे घरातला मोठ्या पडद्याचा मोबाईल सध्या आपल्या भगिनींच्या, म्हणजे आमच्या रूपाच्या, ताब्यात आहे, आणि माझ्या डबड्या फोनवर बोलायला ओरडावं लागतं. हे ओरडून सांगण्यासारखं नाही.

आपली कन्या धम्मदीपा अभ्यासासाठी आमच्याकडे आली, याचा आम्हाला फार आनंद झाला होता. (‘होता’ हा शब्द नीट वाचावा.) ‘वऱ्हाडी लोकगीतांच्या व्हिडिओंची माध्यम-सिद्धांतांच्या आधारे चिकित्सा’ असा तिचा विषय. मला तो तोंडपाठ आहे, कारण बसथांब्यावर रोज कोणीतरी विचारायचं आणि ऐकून झालं की ‘मंग याच्यावर नोकरी कायची लागते?’ असं पुढचं विचारायचं. पोरगी हुशार, बोलायला गोड, जेवणाची कटकट नाही. संकट तिनं लॅपटॉप उघडला तिथून सुरू झालं.

आपल्याला ठाऊकच आहे, रूपाचं हळदीचं गाणं आमच्या तालुक्याच्या मालेगावातल्या हरीओम व्हिडिओवाल्यानं यूट्यूबवर टाकलं आणि ते बरंच चाललं. दुकानामागच्या खोलीत भिंतींना गोधड्या लावून त्यानं तिचा आवाज घेतला आणि शूटिंग आमच्या अंगणात केलं. पडद्यावर गाते ती मात्र वाशीमची योगिनी नावाची मुलगी. दिसायला छान, ओठ बरोबर हलवते, फक्त हळद अशी लावते की जणू भिंतीला पुट्टी. नवरीचा बाप मी. फेटा बांधून, डोळ्याला कांदा लावून मी असा रडलो की मला थेट रिसोडपर्यंत ओळखतात (म्हणजे रिसोडला एक जण ओळखतो). या व्हिडिओबद्दल घरात कोणाचीही तक्रार नव्हती. निदान मला कोणी सांगितली नव्हती.

एका दुपारी दीपानं तो व्हिडिओ आधी आवाज बंद करून दाखवला, मग चित्र झाकून नुसताच ऐकवला. अशी म्हणे पद्धत असते. रूपा लसूण सोलत होती. दीपा म्हणाली, “आत्या, आवाज तुझा आहे आणि तोंड दुसरीचं. तुझ्या आवाजाला शरीरच दिलेलं नाही.”

“मंग मी कोठी आहो?”

“कडेला. तिसऱ्या कडव्यात कोंबडी हाकलतेस, आणि शेवटी पाहुण्यांच्या चपला बाजूला करतेस.”

“अन् हे?” रूपानं माझ्याकडे बोट दाखवलं.

“मामाजी मधात आहेत. सगळ्या गाण्यात.”

लसूण सोलणं थांबलं. सतीशराव, मी दारोदार हिंडलेला माणूस आहे. कुत्रं भुंकायचं थांबतं तेव्हा ते निघून गेलेलं नसतं, एवढं मला कळतं. संध्याकाळी मी जपून विचारलं, आज सैपाकाला काय आहे? आपल्या भगिनी म्हणाल्या, “ज्या बाईले आंगच नाही, ते सैपाक कायच्यानं करन?”

तेव्हापासून मी गावातल्या हॉटेलातले आलुबोंडे खाऊन राहिलो. (दीपाला मात्र आतून गरम भाकरी मिळत होती. सिद्धांत मांडणाऱ्याला त्याची झळ लागत नाही, हे मला तेव्हा कळलं.) शरीर नसलेली बाई घरभर फिरून फोटो तपासू लागली. आमच्या लग्नाच्या फोटोत माझ्या काकांचं पोट पूर्ण आलंय आणि तिची अर्धी वेणी, हे मी इतकी वर्षं पाहिलंच नव्हतं. तो फोटो तिनं उलटा करून भिंतीकडे तोंड करून लावला. आता आम्ही कोणीच दिसत नाही, सगळे सारखे.

शेवटी मीच म्हणालो, चला, हरीओमकडे जाऊ. मोटरसायकलवर तिघं मालेगावला गेलो. (मी मधात बसणार नाही, हे आधीच ठरलं होतं. गाडी दीपानं चालवली, मधात रूपा, मी मागं अर्धा हवेत.) हरीओम पोरगा वाईट नाही, पण बोलून बसला, “काकू, आवाज तुमचाच पायजे. पब्लिकले चेहरा पायजे, बस.”

“मंग मले काय डोस्क्याच्या जागी टोपलं हाये?”

दीपानं त्याला कॅमेऱ्याच्या पुरुषी नजरेबद्दल समजावून सांगितलं. त्यानं मान हलवली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, हे नजर उतरवाले कोनाले बोलवा लागते? तेवढ्यात रूपानं दुकानाच्या पायरीवर उभं राहून गायला सुरुवात केली. माईक नाही, ढोलकी नाही. बाजारातली माणसं थांबली. बियाणं घ्यायला आलेला एक जण पिशवी डोक्यावर तशीच धरून उभा राहिला.

एक खरं सांगतो. तिचं गाणं मी जन्मभर मांडवाच्या दुसऱ्या बाजूनं, पुरुषांच्या पंगतीत बसून ऐकलं. गाताना तिचं तोंड कसं दिसतं, हे मला माहीत नव्हतं. ती हनुवटी वर करते. वरच्या सुराला डावा डोळा थोडा बारीक होतो. मी रुमालानं डोळे पुसले, आणि आजूबाजूला कांदा कुठंच नव्हता.

हरीओमनं पुन्हा शूटिंग केलं. या वेळी मधात रूपा. नवरीचा बाप म्हणून शेजारच्या गोविंदाला घेतलं, तो रडायच्या ठिकाणी हसतो. मला दीपानं समतेच्या तत्त्वानुसार कोंबडी हाकलायचं काम दिलं. कोंबडी उजवीकडून जायची होती, ती थेट हळदीच्या ताटात गेली आणि मी तिच्यामागं. रूपानं गाणं तोडलं नाही. त्याच चालीत, त्याच ठेक्यावर तिनं मला दोन ओळी अशा सुनावल्या की बाया तोंडाला पदर लावून खाली बसल्या. हरीओमनं ते कापलं नाही. आता पहिल्या व्हिडिओपेक्षा हा जास्त चालतो, अमरावतीपर्यंतच्या बाया तिला हळदीला बोलावतात, आणि वाशीमच्या स्टँडवर परवा एका कंडक्टरनं मला ‘कोंबडीवाले काका’ म्हणून जागा दिली.

असो. घरात सैपाक सुरू झाला आहे, तेवढ्या बाबतीत खुशाली खरी समजावी. वहिनींना नमस्कार.

आपला,
माणिकराव

ता. क. – खरं काम लिहायचं राहिलं. नागपूरला परीक्षा आहे, आजार आहे, लग्नाचं स्थळ आहे, काहीही सांगून दीपाला परत बोलावून घ्या. काल ती ‘घरातल्या कामाचं विभाजन’ असं काहीतरी वाचत होती आणि मध्येच मान वर करून माझ्याकडे पाहत होती.

ता. क. २ – सतीश, मी रूपा. तुह्या भाटव्यानं पाकीट चिकटवाले मलेच देलं, म्हणून वाचलं. नाव माह्यं अन् सगळ्या पत्रात मधात हेच! दीपाले बोलावू नको, आमचं दुसरं गानं चालू हाये. त्याले ढोलकी पायजे. तू सायब झाल्यापासून ढोलकीले हात नाही लावला, मले मालूम हाये. सुट्टी टाक अन् ये. जागा कडेलेच भेटन.