एकाचा तंबू की दोघांचा

४ जानेवारी, रविवार

मोहनच्या लॅपटॉपवर सकाळपासून तंबू. ब्रेकफास्ट झाला, जेवण झालं, तरी तंबूच. सगळे बर्फावर मासे पकडायचे. तळच नसतो त्यांना, कारण आत बसून बर्फाला भोक पाडायचं आणि गळ सोडायचा. लंडनच्या पिनरमध्ये बसून हा उद्योग.

खूळ पेक्काचं. मोहनबरोबर ऑपरेशन थिएटरमध्ये होता, तोही भूल देणारा. रिटायर होऊन फिनलंडला आपल्या गावी गेला. आता म्हणतो, फेब्रुवारीत ये, तळं गोठलेलं असतं. स्वतः बादली उपडी घालून उघड्यावर बसतो म्हणे. मोहनला ते जमायचं नाही. एप्रिलमध्ये हार्ट अटॅक, दोन स्टेंट. कार्डिऑलॉजिस्ट म्हणाला, जायला हरकत नाही, पण वाऱ्यात बसायचं नाही, आडोसा पाहिजे. म्हणून तंबू.

ज्याला बांगडा कुठला आणि सुरमई कुठली हे मी लग्नानंतर रत्नागिरीला नेऊन शिकवलं, तो मासे पकडणार!

"कुठला घेतोयस?"
"हा. वन-मॅन."
"एकट्याचा?"
"मग काय, वरात नेऊ?"

मी उठून कणीक मळली. पोळ्या दगडासारख्या झाल्या.

७ जाने., बुध.

फार्मसीत आज गर्दी नव्हती. लंचमध्ये सँडविच खात रिव्ह्यूज वाचले. दोन जाती आहेत. एक घसरगाडीवर बसवलेला, मागून बाबागाडीच्या टपासारखा पुढे ओढायचा. दुसरा छत्रीसारखा, भिंती बाहेर खेचल्या की टणकन फुगतो. घसरगाडीवाला विमानात न्यायचा प्रश्नच नाही. कापड एकेरी की अस्तरवालं? एकेरी हलकं, पण श्वासाची वाफ छतावर गोठते आणि मग डोक्यावर टपटप. अस्तरवालंच हवं. हीटर अजिबात नको, बंद तंबूत गॅस पेटवायचा म्हणजे... नाही. पेक्का म्हणतो, झडप उघडी ठेवली की काही होत नाही. पेक्काचं हार्ट पेक्काचं.

सईला मँचेस्टरला फोन. "आई, तंबू कशी आहे? छोटी आहे का मोठी?" म्हटलं, तंबू कसा आहे म्हणतात. "ओके, कसा. पण बाबाला जाऊ दे ना. ही नीड्स इट."

कशाची नीड? माझ्यापासून लांब जायची?

११ जाने., रवि.

भांडण. व्हायचंच होतं.

मी म्हटलं दोघांचा घे, मी रजा टाकते, येते बरोबर. त्याने टॉवेल उचलला. मग भांडी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता: "मेधा, मला थोडा वेळ तरी कुणी बघत नसलेलं हवंय."

कुणी म्हणजे मी. घरात तिसरं कोण आहे?

जन्मभर लोकांच्या श्वासावर डोळा ठेवून बसला. पेशंटची छाती वर-खाली होतेय का, ओठ निळे पडतायत का. आणि कुणी त्याच्याकडे बघितलं की गुदमरायला होतं साहेबांना. मी मुद्दाम करते का? एप्रिलमध्ये बाथरूममध्ये कोण सापडलं होतं मला? मी टीव्ही बघत बसले होते तेव्हा. दार वाजवायला उशीर झाला असता तर...

जाऊ दे. 

१३ जाने., मंगळ.

मागवला. त्याला न विचारता. दोघांचा बघत होते, पण सगळे लिहितात दोघांचा म्हणजे दीड माणसाचा. आणि आपल्याकडे कुठली गोष्ट मापात घेतात? पातेलं घेताना चार माणसं जास्त धरायची, सतरंजी घेताना पाहुणे धरायचे. चौघांचा मागवला. अस्तरवाला. पेक्का आत येऊन बसेल म्हटलं, कुणीतरी जवळ असलेलं बरं. शनिवारी येतोय.

त्याला अजून सांगितलेलं नाही. 

१७ जाने., शनि.

आला. डिलिव्हरीवाला आणि मी मिळून दारातून आत घेतला, तो हॉलमध्ये आडवा मावेना. मोहन जिन्यावर उभा. "हे काय? प्रेत आहे का?"
"तंबू."
"केवढा!"
"चौघांचा."
"कोण कोण येतंय?"

बाथरूममधला वजनकाटा आणला. भारतात जाताना बॅगा जोखतो तसंच, आधी मी एकटी उभी राहिले, मग ते धूड कवटाळून. वजाबाकी केली तर एका बॅगेच्या वजनात जेमतेम बसतोय, म्हणजे कपडे नाहीत, बूट नाहीत. तरी मी म्हटलं, भाजणीचा एक डबा तरी... मोहन म्हणाला, "मासे पकडायला चाललोय, थालीपिठाचा स्टॉल लावायला नाही." आणि हसला. खरंखुरं, खांदे हलवून. किती महिन्यांनी.

मग बागेत उभा केला. बर्फात पिळायचे स्क्रू लॉनमध्ये काही जाईनात. शेवटी चारी कोपऱ्यांवर कुंड्या ठेवल्या. निम्मी बाग भरली. शेजारच्या मीनाबेन कुंपणावरून: "मॅरेज छे?" मी म्हटलं नाही, फिशिंग. त्या खूप वेळ बघत राहिल्या.

इथवर मजा होती. मग मोहन स्टूल घेऊन आत गेला आणि चेन लावली. मी किचनच्या खिडकीत. जरा वेळाने हाक मारली, चहा हवा का. नको. पुन्हा गेले, शाल हवी का. नको. तिसऱ्यांदा आवाजच आला नाही म्हणून चेन उघडली. तो डोळे मिटून बसलेला. मी किंचाळले.

"जिवंत आहे मी!" केवढ्यांदा ओरडला. मीनाबेननी दिवा लावला. "बघ, जिवंत! झालं समाधान?"

१८ जाने., रवि.

बोलणं बंद. म्हणजे "मीठ दे" इतपत.

दुपारी मात्र म्हणाला, शांतपणे, तेच जास्त लागलं: "तू रात्री माझ्या नाकाखाली बोट धरतेस. मी झोपलेला नसतो, मेधा. मी पडून राहतो. तुझं बोट जाईपर्यंत नीट श्वास घेतो, म्हणजे तू झोपशील."

मला वाटत होतं त्याला माहीतच नाही.

नाटक करतो तर. माझ्यासाठी झोपेचं नाटक. हसावं का रडावं? मी दोन्ही केलं, गॅरेजमध्ये जाऊन.

२४ जाने., शनि.

चौघांचा परत गेला. पुन्हा त्या पिशवीत घालायला दोघांना अर्धा दिवस लागला. पिशवीतून एकदा निघालेला तंबू परत जात नसतो, हे रिव्ह्यूत कुणी का लिहीत नाही?

याने वन-मॅन मागवला. मी एक अक्षर बोलले नाही. बोलणार नाही. घे बाबा, बस एकटा.

३० जाने., शुक्र.

वन-मॅन आला. मोहन दुकानात गेल्यावर मीच बागेत उघडला. लाल आहे. टेलिफोन बूथसारखा. स्टूल ठेवून आत बसले, चेन लावली, फक्त बघायला की एखादा माणूस आत कोसळला तर मावेल का. नाही मावत. गुडघे कापडाला टेकतात. वाकडा होऊन अडकेल, बाहेरून कळणारही नाही. हे सगळं त्याला सांगायचं ठरवत होते.

मग तशीच बसून राहिले. फोन आत टेबलावर राहिलेला. बाहेर वारा होता, आत नव्हता. सगळं लालसर. कुणाला औषध द्यायचं नव्हतं, कुणाच्या छातीकडे बघायचं नव्हतं, मला कुणी बघत नव्हतं. किती बरं वाटलं! आणि बरं वाटलं म्हणून त्याचा भयंकर राग आला. कारण मग तो बरोबर होता ना.

किती वेळ गेला कोण जाणे. डुलकी लागली असावी. खसकन चेन उघडली. मोहन. पांढराफटक. "अगं, हाका मारतोय! वर गेलो, गॅरेजमध्ये गेलो, मीनाबेनकडे जाऊन आलो, फोन इथे, चपला इथे..."  

मी म्हटलं, "जिवंत आहे मी."

म्हणायला नको होतं. पण तोंडातून गेलं. तो गवतावरच बसला, ओल्यात, थोडा वेळ. मग आत जाऊन चहा टाकला त्याने. आलं घालून, दोघांचा.

१ फेब्रु., रवि.

वन-मॅनही परत. दोघांचा मागवलाय. त्याने स्वतः. "पाय पसरायला बरा," म्हणाला. मी विचारलं नाही, कुणाचे पाय. विचारायचं नाही असं ठरवलंय, पण जीभ नुसती वळवळते.

जाणार एकटाच. तेही कबूल केलं मी. ठराव असा: तो बर्फावर असताना मी फोन करायचा नाही, मेसेज नाही, पेक्काला तर मुळीच नाही. बर्फावरून निघाला की तो करेल. हीटर न्यायचा नाही. पेक्काने त्याच्या तंबूपासून हाकेच्या अंतरावर बसायचं.

"हाकेच्या म्हणजे तुझ्या हाकेच्या का माझ्या?" त्याने विचारलं. "तुझ्या." "मग फार जवळ झालं."

८ फेब्रु., रवि.

पॅकिंग. दोघांचा म्हणजे दीड माणसाचाच आहे, लोक खरं लिहितात. पण कापड जाड, शिवण चांगली, खालची झालर रुंद. झालरीवर बर्फ लोटला की वारा आत येत नाही. वजन ठीक, लांबी जास्त, विमानतळावर ओव्हरसाइजच्या काउंटरला द्यावा लागेल. भाजणी त्याने स्वतःच मागितली. म्हणाला, पेक्काला थालीपीठ आवडतं. पेक्काने कधी खाल्लं?

कानटोपी दोन. गोळ्यांचे डबे दोन, एक अंगावर, एक बॅगेत. जिभेखाली मारायचा हार्टचा स्प्रे डाव्या खिशात. डाव्याच. सांगून झालं, चिठ्ठी झाली, पुन्हा सांगून झालं. "मेधा." "हो, गप्प बसते."

१२ फेब्रु., गुरु.

गेला. सिक्युरिटीच्या रांगेत वळून हात केला. मी घरी येऊन ओटा घासला, आधीच स्वच्छ होता. मग फ्रिज. सई म्हणाली, "आई, सिट डाऊन." बसवत नाही. बसलं की कान दुसऱ्या खोलीकडे लागतात, आणि तिथे कुणी नाही.

१४ फेब्रु., शनि.

आज पहिला दिवस बर्फावरचा. सकाळी मेसेज: "निघालो." बस्स.

फोन ड्रॉवरमध्ये ठेवला. काढला. ठेवला. चालत स्टेशनपर्यंत जाऊन आले, काही न घेता. कपाटं लावली. मीनाबेन आल्या, फिशिंग कसं चाललंय विचारायला, त्यांना बसवून घेतलं, त्या जायला निघाल्या तर पुन्हा चहा केला. पेक्काचा नंबर दोनदा काढला. दाबला नाही. जीव टांगणीला म्हणतात तो इतका खरा असेल असं वाटलं नव्हतं. अंधार पडला, तिकडे तर दोन तास आधीच पडला असणार, तरी फोन नाही. आता करावाच असं ठरवून उठले आणि वाजला.

"काय करतेयस?"
"काही नाही. बसलेय."
"मासा नाही लागला एकही. पेक्काला चार."
"छातीत...?"
"नाही. काही नाही. छान आहे." मग बराच वेळ नुसता श्वास. मी ऐकला. ऐकतेय हे त्याला कळत होतं. "तू फोन नाही केलास."
"ठरलं होतं ना."
"हो, ठरलं होतं."  मग म्हणाला, "वाट बघत होतो मी. वेड्यासारखा."

मी ड्रॉवर नुसताच उघडला, बंद केला.

"तंबू मोठा पडतो गं एकट्याला. कोपऱ्यात गार वाटतं."
"परत पाठवायचा का?"
"नको. असू दे."

फोन ठेवल्यावर रडले भरपूर. आता कपाटातून जाड मोजे काढून ठेवलेत, नुसते पलंगावर. सोमवारी रजेचं विचारू का? त्याने ये म्हटलेलं नाही. मी येऊ का म्हटलेलं नाही. गेले आणि तिसऱ्या दिवशी त्याला मला म्हणावंसं वाटलं, जरा बाहेर जाऊन बस, तर? तळ्यावर बाहेर म्हणजे कुठे?